फ्रीडरिक अटॅक्सिया: आधी हृदय बघा

वहिनी, देवळात कौल लावलात, बरं केलंत. पण मुलाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी काढा. या आजारात चालताना तोल जातो ते चारचौघांना दिसतं, हृदयाचा स्नायू जाड होतो ते दिसत नाही. साखरही दरवर्षी तपासायची.

आमचा थोरला पावसात, शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर, काळोख पडला की हमखास पडायचा. उजेडात डोळे पायांना सांभाळून घेतात, म्हणून. शेजारी म्हणायचे, प्यायलाय!

दोष कुणाच्या घराण्याचा, ते उकरू नका. जनुकाची बिघडलेली प्रत आईबाप दोघांकडून आली तरच हा आजार होतो. प्रत्येक मुलाला २५ टक्के शक्यता. धाकटीची जनुकीय तपासणी मात्र समुपदेशकाशी बोलूनच करा.

आणि पडवीच्या पायऱ्यांना कठडा बसवून घ्या. मिरगाआधी.