कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर शिकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही म्हणता, डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर गेम टाकला, त्यात फुकटात मिळणारं मस्टँग हे जुनं पंख्याचं विमान घेतलं, पण ते धावपट्टीवरच डावीकडे पळतं. लढाईपर्यंत पोहोचणंच होत नाही.

लढाई राहू द्या बाजूला, भाऊ. मस्टँग डावीकडे ओढणारच. पंख्याचा जोर आणि त्याची भोवऱ्यासारखी मागे येणारी हवा नाक तिकडे वळवते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, एकदम ठोकू नका, हळूहळू द्या. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, पोटाकडे ओढून धरा, म्हणजे शेपटीचं चाक लॉक राहतं. उजवा रडर (शेपटीचं सुकाणू, नाक डावी-उजवीकडे वळवणारं) आधीपासूनच थोडा दाबलेला असू द्या. वेग आला की रडर पकड घेतो, मग स्टिक सैल करा.

एवढी कटकट नको असेल तर सुखोई-२५टी हे जेट घ्या, तेही मोफतच आहे. नाकाखाली चाक असल्यामुळे सरळ धावतं. फक्त क्षेपणास्त्रांच्या नादी लागू नका, आधी ट्रिम, म्हणजे विमानाचा तोल बसवणं. स्टिकवरचा हात काढला तरी विमान सरळ जायला हवं. मग भरपूर उंचीवर मुद्दाम स्टॉल करा, म्हणजे वेग इतका कमी करा की पंखांची उचल सुटते, नाक खाली घालून वेग मिळवा आणि सावकाश वर या. हे अंगवळणी पडेपर्यंत शत्रू नकोच.

लँडिंगसाठी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं बघा, किती लांबून एकाच उतारावर येतात! आपण उगाच शेवटच्या क्षणी नाक खुपसतो.

जॉयस्टिक सीताबर्डीच्या बाजारात हाताळूनच घ्या. मूठ पिळून रडर चालणारी पुरे, पायाने रडर चालवायच्या पेडलवर आत्ताच पैसे घालू नका. नेमबाजी सगळ्यात शेवटी, तीही सरळ उडणाऱ्या मालवाहू विमानावर.