डिस्क गोल्फच्या स्पर्धेत खेळायला खरंच मजा येते का, की नुसतं टेन्शन?

येते, भाऊ. पण रविवारी दोस्तांबरोबर येते ती ही मजा नाही, हिची जात वेगळी.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत शिकायला गेल्यापासून मित्रांच्या नादाने डिस्क फेकायला लागलात, आता तेच मित्र स्पर्धेत नाव दे म्हणून मागे लागलेत आणि हसतखेळत चाललेल्या गोष्टीचा उगाच ताप होईल अशी तुम्हाला धास्ती आहे. माझं माहेर यावल तालुक्यातलं, केळीवाल्यांचं घर. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला होते. तिथे घराजवळच्या पार्कात हा खेळ लागला आणि मग आसपासच्या छोट्या स्पर्धाही खेळले. आता जळगावला असते.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात: गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी डिस्क, म्हणजे फ्रिस्बीसारखी चपटी तबकडी, आणि खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, डिस्क त्यांना धडकून खाली पडते. कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क टोपलीत घालायची. ही साखळ्यांची टोपली एड हेडरिक यांनी काढली आणि 1976 साली खेळाची संघटना, पीडीजीए, उभी केली ती त्यांनीच. 2002 साली ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार केल्या गेल्या. एवढं वेड लावणारा खेळ आहे हा.

आता तुमचा प्रश्न. दोस्तांत खेळताना आपण एकमेकांना फार सूट देतो. टोपली आठ-दहा फुटांवर असली की 'गेलीच समज' म्हणून डिस्क उचलून घेतो. झाडात अडकली तर 'परत टाक'. स्पर्धेत ही सूट बंद. हद्दीबाहेर गेली की एक थ्रो जादा. डिस्क दिसेना तर तीन मिनिटं शोधायची, नाही सापडली तर पुन्हा एक थ्रो अंगावर. आपली पाळी आली की 30 सेकंदांत फेकायचं. टोपलीपासून 10 मीटरच्या आत असलात तर फेकल्यावर तोल सांभाळून मार्करच्या, म्हणजे डिस्क पडल्या जागेच्या खुणेच्या, मागे उभं राहायचं, झोक जाऊन पाऊल पुढे पडलेलं चालत नाही. ऐकायला हा सगळा जाच वाटतो. मला मात्र खरी मजा इथेच मिळाली.

वीस फुटांवरचा पुट, म्हणजे टोपलीत घालायचा जवळचा थ्रो, घ्या. सरावात तो मी बोलता बोलता मारायची. स्पर्धेत त्याच पुटला मार्कर जमिनीवर ठेवायचा, त्याच्या मागे पाय रोवायचा. डिस्कची कड बोटांना नेहमीपेक्षा जाड लागते. बाकीच्या तिघीचौघी हलायच्या थांबतात. साखळ्यांतली एकच कडी नजरेत धरायची, कारण सगळी टोपली बघत बसलं की डिस्क कुठेही जाते. हात सुटतो आणि साखळ्या खणखणतात. सरावात तो आवाज दिवसभर कानावर पडत असतो, पण इथे तो अंगातून जातो, कारण चुकला असता तर कार्डावर लिहिला गेला असता. हा पुट मोजला जातो म्हणूनच तो मारावासा वाटतो.

2021 च्या जागतिक स्पर्धेत, युटामधल्या ऑग्डेनला, शेवटच्या होलवर (होल म्हणजे फेकायच्या जागेपासून एका टोपलीपर्यंतचा टप्पा) जेम्स कॉनराड पॉल मॅकबेथच्या एका थ्रोने मागे होता. त्याने 247 फुटांवरून फेकलेली डिस्क थेट साखळ्यांत गेली, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो जिंकला. तोच थ्रो सरावात पडला असता तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते.

दुसरी गोष्ट माणसांची. तिथे प्रत्येक गटामागे पंच नसतो. तीन-चार, फार तर पाच जणांचं एक कार्ड, निर्णय तेच करतात. डिस्क रेषेच्या आत की बाहेर यावर दुमत झालं तर बहुमत, आणि तरीही शंका राहिली तर फायदा खेळणाऱ्याला. ज्यांच्याशी स्पर्धा त्याच बायका माझी डिस्क शोधायला काटेरी झुडपांत शिरायच्या. बायकांच्या गटांत नावं कमी असायची, त्यामुळे कधी कधी वेगवेगळ्या पातळीच्या आम्हा सगळ्यांचं मिळून एकच कार्ड व्हायचं. दोन राऊंडच्या मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फिरायची. चटणी तिखट म्हणून पाणी पीत पीत का होईना, त्या मागून घ्यायच्या.

आणि वारा. ज्याच्या घरी केळी आहे त्याला वारा शिकवावा लागत नाही. आमच्याकडे बागेच्या कडेने शेवरी लावतात ती वारा अडवायला. मे-जूनमध्ये वावधान सुटलं की घडासकट झाडं आडवी होतात, म्हणून घरातले सगळे आभाळाकडे बघत असतात. ती सवय मला मैदानावर कामाला आली. समोरून वारा असला की डिस्क वर उचलली जाते आणि जास्त वळते, पाठीमागून असला की तरंगत नाही, लवकर खाली बसते. समोरच्या वाऱ्यात सहज वळणारी हलकी डिस्क बॅगेतच ठेवायची. दोस्तांत खेळताना 'वाऱ्याने नेली' म्हणून सुटता येतं. स्पर्धेत थ्रोच्या आधी झाडांच्या शेंड्यांकडे बघावंच लागतं. मला तर त्या शेंड्यांकडे बघण्यातच अर्धा आनंद वाटायचा.

कंटाळवाणं काय, तेही सांगते. दिवस लांब असतो. एका दिवसात 18 होलचे दोन राऊंड असले तर सकाळी निघालेलं माणूस घरी यायला संध्याकाळ होते. पुढचा गट रेंगाळला की टीवर, म्हणजे पहिला थ्रो टाकायच्या जागी, नुसतं उभं राहायचं, आणि तेवढ्यात अंग आखडतं. कधी कार्डात एखादा असा येतो की प्रत्येक चुकीवर बॅग आपटतो, आणि त्याच्याबरोबर तीन तास काढावे लागतात. ज्यांना आकडा नकोच आहे, मोकळ्या हवेत फिरणं आणि गप्पा एवढ्यासाठीच जे खेळतात, त्यांनी स्पर्धेच्या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. त्यांचा खेळ काही कमी प्रतीचा नाही.

तुमच्या लिहिण्यावरून मात्र तुम्ही त्यातले वाटत नाही. मागच्या महिन्यापेक्षा किती थ्रो कमी लागले हे तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. आकडा मनात ठेवणाऱ्या माणसाला स्पर्धा मानवते. आधी तिथल्या आठवड्याच्या लीगला चार-सहा वेळा जा. मग जवळची सी-टियर स्पर्धा बघा, ती सगळ्यात छोटी. पीडीजीएचे सदस्य नसलात तरी थोडे जादा पैसे भरून खेळता येतं. नाव नॉव्हिसमध्ये द्या. ज्यांचं रेटिंग, म्हणजे स्पर्धांतल्या खेळावरून पीडीजीए देते तो आकडा, 850 च्या खाली आहे त्यांच्यासाठीच तो गट असतो आणि नव्यांना चालतो. मित्र वरच्या गटात खेळताहेत म्हणून तिकडे जाऊ नका, पहिल्याच दिवशी दहा-पंधरा थ्रोने मागे पडलात तर खेळ नाही, फक्त अंतर दिसत राहील. हौशी गटात रोख बक्षीस नसतं, सामान मिळतं. बऱ्याच ठिकाणी नाव दिलं की एखादी डिस्क तशीही हातात पडते.

वेळेच्या आधी पोचा. छोट्या स्पर्धांत बहुधा सगळे गट वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू होतात आणि तुमचा होल हुकला तर त्या होलला पारच्या (त्या होलला धरलेल्या थ्रोंच्या आकड्याच्या) वर चार लिहितात. मार्करची छोटी डिस्क खिशात ठेवा, बॅगेत नको, वरचेवर काढावी लागते. आणि सोबत डबा न्या, मधल्या सुट्टीत पार्कात विकत काही मिळेलच असं नाही.