नायट्रिक ऑक्साइडला 'नत्रवायू' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की 'मॅक्रोफेज (रोगजंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नायट्रिक ऑक्साइड सोडून जंतू मारतात' याचं मराठी 'महाभक्षक पेशी नत्रवायू सोडतात' असं केलं तर चालेल का.

नत्रवायू नको हो. नत्र म्हणजे नायट्रोजन, कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, नत्र-स्फुरद-पालाश तोंडपाठ असतं, आणि नत्रवायू तर हवेत ७८ टक्के भरलेलाच आहे, त्याने जंतू मरत असते तर काय हवं होतं! नत्राम्ल म्हणजे नायट्रिक ॲसिड, ते तिसरंच. एका मसुद्यात तर मी 'पेशी हास्यवायूने जंतू मारतात' असंही वाचलंय, हसवून हसवून मारत असतील. हास्यवायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, त्यात नत्राचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, नायट्रिकमध्ये एकास एक. एवढ्या घोळात पडण्यापेक्षा नायट्रिक ऑक्साइड तसंच ठेवा.

महाभक्षक ठीक आहे, ग्रीकमध्येही 'मोठा खाणारा' असाच अर्थ. मला वाचताना बकासुर आठवतो, पण ती पेशी जंतूला खरोखर गिळतेच, त्यामुळे तक्रार नाही.

खरी गोची 'सोडतात'मध्ये आहे. धरणातून पाणी सोडतात, कारण ते आधी साठवलेलं असतं. हा वायू साठवता येतच नाही, रेणू इतका लहान आणि विद्युतभार नसलेला की पेशीच्या पडद्यातून सरळ आरपार जातो, आणि टिकतो जेमतेम काही सेकंद. म्हणून पेशी काय करते, जंतूच्या भिंतीचे तुकडे किंवा इंटरफेरॉन गॅमाचा (इतर प्रतिकारक पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनाचा) निरोप मिळाला की आधी एक एन्झाइम बनवते, त्यातच काही तास जातात, मग ते एन्झाइम आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून हा वायू बनवत राहतं. तो जंतूच्या लोहयुक्त एन्झाइमांना चिकटून त्यांचं काम अडवतो, शिवाय सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचंच एक जहाल रूप, तेही पेशीच बनवते) भेटलं की दोघांचं पेरॉक्सिनायट्राइट होतं, ते अजून जहाल. ज्या उंदरांमध्ये या एन्झाइमचं जीनच काढून टाकलं ते टीबीपुढे फार लवकर हरले, म्हणजे बघा.

(छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, तिच्यापासूनही शरीरात हाच वायू तयार होतो, तिथे मात्र रक्तवाहिन्या सैल करायला.)

तर मी असं लिहीन: 'महाभक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करून जंतू मारतात.' 'महाभक्षक' जड वाटलं तर नुसतं भक्षक पेशी म्हणा, पण मग न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही त्यातच येतात.