‘मला काही झालेलं नाही ना?’

‘मॅडम, छातीत मध्येच एक ठोका चुकल्यासारखा होतो. हार्टचं काही असेल का?’ तिशीतला एक तरुण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्याचं उत्तर त्याच्या फाइलमध्येच होतं. ईसीजी, टूडी इको, रक्ताच्या तपासण्या, चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवणारा हॉल्टर, सगळं नॉर्मल. हृदयरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट समोर ठेवून नीट समजावलंही होतं. तरी रात्र झाली की तो मोबाइल उघडायचा आणि अनोळखी लोकांना विचारायचा, ‘असं कुणाला होतं का? सीरियस नसतं ना?’ (ओळख पटेल असे त्याचे तपशील इथे टाळले आहेत.)

उत्तरं भराभर यायची आणि बहुतेक मायेचीच असायची. ‘मलाही होतं, टेन्शन घेऊ नका.’ त्याला हायसं वाटायचं. मग कुणीतरी लिहायचं, ‘आमच्या एका नातेवाइकांनी असंच अंगावर काढलं होतं...’ की संपलं. बाकीचा सगळा धीर त्या एका ओळीत वाहून जायचा. रात्रभर बोटं मनगटावर, नाडी मोजणं सुरू.

पहिल्या भेटीत मी त्याला ठोका ‘चुकतो’ म्हणजे काय होतं ते सविस्तर सांगितलं. प्रत्यक्षात ठोका चुकत नाही, तो थोडा लवकर पडतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो हाच. धडधाकट माणसांपैकी अनेकांना असे ठोके पडतात आणि बऱ्याच जणांना ते कळतही नाहीत. अपुरी झोप, चहा-कॉफी, सिगारेट, दारू, मनावरचा ताण यांनी ते वाढू शकतात. मात्र भोवळ येऊन शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, दम लागणं, व्यायाम करताना ठोके बिघडणं किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं काही असेल तर इंटरनेटवर विचारत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा शुद्ध हरपली तर त्याच वेळी जावं. त्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

‘हे मी तुम्हाला एकदाच सांगणार आहे,’ मी म्हटलं. तो गोंधळला. धीर मिळवायलाच तर तो आला होता! पण त्याला माहिती कमी पडत नव्हती. मिळालेला धीर टिकत नव्हता, ही त्याची खरी अडचण होती. खाज सुटली की खाजवावं, क्षणभर बरं वाटावं आणि पुन्हा जास्त खाज सुटावी, तसं ते चाललं होतं. आजाराच्या भीतीत वारंवार धीर मागितल्याने भीती उलट कशी घट्ट होते, हे पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं. आजही या त्रासाच्या उपचारात त्या विचाराचा मोठा आधार असतो.

पण मी सांगितलं म्हणून त्याला ते पटणार नव्हतं. म्हणून एक वही करायला सांगितली. कधी विचारलं, कुणाला विचारलं आणि नंतर बरं किती वेळ वाटलं, एवढंच लिहायचं. पुढच्या भेटीत तो स्वतःच म्हणाला, ‘अर्धा तास. कधी कधी तेवढंही नाही.’ पूर्वी डॉक्टरांचा एक शब्द दोन-तीन आठवडे पुरायचा, हेही त्यालाच आठवलं. तिथून खरं काम सुरू झालं.

विचारणं एकदम बंद करायला मी सांगितलं नाही. वाटलं की आधी पंधरा मिनिटं थांबायचं. ते जमलं की अर्धा तास, मग उद्या सकाळपर्यंत. सकाळी तो प्रश्न विचारावासाच वाटत नाही, असं बरेचदा घडायचं. नाडी बघणं मात्र पूर्ण सोडायचं ठरलं. सत्रात एक प्रयोगही केला: दोन मिनिटं सगळं लक्ष फक्त जिभेवर. लगेच जीभ जड वाटायला लागली, टोचायलाही लागली. दिवसभर लक्ष छातीवर ठेवलं तर काय होत असेल, ते वेगळं समजवावं लागलं नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते त्याच्या बायकोला. ‘काही नाही रे, झोप आता,’ हे ती प्रेमाने म्हणायची आणि ते ऐकल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. तिला आम्ही दुसरं वाक्य दिलं: ‘घाबरला आहेस हे दिसतंय मला. मी इथेच आहे. पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.’ पहिले काही दिवस दोघांनाही ते कोरडं वाटलं. तिला तर रडू यायचं. माझ्या मते ती खंबीर राहिली म्हणून बाकीचं जमलं.

अनोळखी माणसाला चार शब्द धीराचे लिहिणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. तुमची माया खरी आहे, ती आटू देऊ नका. पहिल्यांदा विचारणाऱ्याला जरूर उत्तर द्या. डॉक्टरांना दाखवलंय का, हे आधी विचारा. रोग आहे की नाही, याची हमी देऊ नका. तोच माणूस तोच प्रश्न पुन्हा घेऊन आला, तर ‘काही होत नाही’ ऐवजी ‘तपासणीनंतर डॉक्टर काय म्हणाले होते?’ किंवा ‘आज दिवस कसा गेला?’ असं विचारा. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच्या भीतीला रोज खाऊही घालायचं नाही. रोजचं जगणंच अडत असेल, तर समुपदेशकाचं किंवा मनोविकारतज्ज्ञांचं नाव सुचवा.

त्या तरुणाचे ठोके थांबलेले नाहीत, अधूनमधून जाणवतात. मध्यंतरी तापाने अशक्तपणा आला तेव्हा ते वाढले आणि जुनी सवयही परतली. त्याने वही पुन्हा काढली, पंधरा मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली आणि ताप उतरल्यावर ठरल्या दिवशी ट्रेकला गेला.