आधी बोट, मग पाणी

प्रिय बाळा,

तू पाठवलेला फोटो रात्री मोठा करकरून पाहिला. घणसोलीतल्या त्या खोलीच्या खिडकीत नऊ कुंड्या, सहा गेलेल्या, आणि खाली तुझं वाक्य: 'काकू, माझ्या हाताला झाडं लागत नाहीत.' हाताचं काही नसतं गं. तू पाणी घालत होतीस, झाडाकडे बघत नव्हतीस.

हवा शुद्ध होईल म्हणून एकदम नऊ आणलीस. झाडं हवा शुद्ध करतात असं ज्यावरून म्हणतात, ते नासाचे १९८९चे प्रयोग बंद पेट्यांमध्ये केलेले होते. आपल्या घरात शेजारची फोडणीसुद्धा येते. २०१९मध्ये अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तर घरात वारा खेळल्याने जेवढी हवा साफ होते तेवढी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. हवेसाठी खिडकी उघड.

झाड वेगळ्याच कामाचं. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली लिहिलं होतं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, वेदनेची जोरदार औषधंही त्यांना कमी लागली. झाडं बाहेरची होती, कुंडीतली नव्हती, ते मला कळतं. पण तुझ्याही खिडकीसमोर भिंतच आहे ना? रात्रपाळी संपवून ऐरोलीहून येतेस तेव्हा त्या खोलीत कालच्यापेक्षा वेगळं असं काहीच नसतं. झाडात असतं. एखादं पान उलगडलेलं असतं. पण बघणाऱ्यालाच.

म्हणून आधी बोट, मग पाणी. मातीत दोन पेरं बोट घालायचं. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवायचा. कोकोपीट, म्हणजे कुंडीत घालतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून कोरडा दिसतो आणि आत चिंब असतो, त्यात पावसाळ्यात आपल्याकडे कुंडी आठवडाभर वाळत नाही. तुझ्या फोटोतला स्नेक प्लांट बुडाशी पिवळा आणि मऊ पडलाय, बशीत पाणी साचलंय. तो तहानेने नाही मेला, मुळं कुजून मेला. आधी बोट. हे मी तुला जूनमध्येही सांगितलं होतं, तू 'हो काकू' म्हणालीस आणि मोबाइलवर पाण्याचा गजर लावलास!

रागावले. पण गजर मीही लावला होता, मनातल्या मनात. वाशीच्या घरात नवीन होतो, सकाळची लोकल, मुलाचा डबा. आईने साताऱ्याहून मांडीवर धरून आणलेलं अनंताचं रोप होतं. जाता जाता रोज तांब्याभर पाणी ओतायचे आणि पळायचे. आई फोनवर विचारायची, 'कळी धरली का?' मी न बघताच म्हणायची, 'धरली.' मे महिन्यात ती आली, कुंडीपाशी बसली, खोड जरासं हलवलं, तर ते अख्खं हातात आलं. मुळं काळी, वास मारणारी. ती एक शब्द बोलली नाही. पदराला हात पुसले आणि चहा ठेवायला उठली.

तेव्हापासून मी रोज बघते. सोसायटीत म्हणतात, काकू झाडांपायी चार दिवस गावाला राहत नाहीत. नाही राहत. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी पडलं तेव्हा मीच जाऊन ते धुऊन दिले, सगळ्या कुंड्यांखाली बशा लावल्या, पण कुंड्या काढल्या नाहीत. ज्या बाईने तीन वर्षं आईला न बघता उत्तरं दिली, तिने एवढं केलं तर काय चुकलं?

असो. मेलेली सहा काढून टाक, वाईट वाटून घेऊ नकोस. उरलेल्या तिघांतलं एकच खिडकीत ठेव, बाकीची दोन शनिवारी माझ्याकडे आण. मनी प्लांट मात्र उंचावर टांग. तुझ्याकडे येते त्या मांजरीने पान चावलं तर तिचं तोंड भाजल्यासारखं होईल, ते झाड विषारी असतं. आणि शनिवारपर्यंत कशालाच पाणी घालू नकोस. फक्त बोट घाल आणि काय लागलं ते मला रोज कळव.

तुझी
काकू