बाथरूमच्या छतावर आणि कोपऱ्यात पावसाळ्यात काळी बुरशी येते. दोनदा रंग देऊनही परत आली. काय करावे?

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मीही हेच केलं होतं. मे महिन्यात भिंत खरवडून अँटीफंगल रंग दिला आणि गणपतीच्या साफसफाईला स्टूलवर चढलो, तर छतावर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. आईला दमा आहे, त्यामुळे ते बघून पोटात गोळाच आला.

आधी एक शोधा: ओल आंघोळीच्या वाफेची आहे की भिंतीच्या आतून येतेय? ते कळेपर्यंत रंगावर एक रुपयाही घालू नका. पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या. बुरशीची जागा पुसून कोरडी करा, तळहाताएवढा तुकडा लावून चारही कडांना चिकटपट्टी मारा आणि दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव धरलं तर वाफ. काढल्यावर आतली बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्याकडे छतावरचा तुकडा बाहेरून ओला होता, कोपऱ्यातला आतून. म्हणजे दुखणी दोन होती आणि मी दोन्हींवर एकच रंग फासत होतो.

कोपऱ्यामागे डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात ती उभी पोकळी होती. त्यात वरच्या मजल्याच्या पाइपचा जॉइंट गळत होता. प्लंबरने तो अर्ध्या दिवसात बदलला. तुमच्या डक्टमध्ये काही सापडलं नाही, तर वरच्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करा, दोन इंच पाणी साठवा आणि दिवसभर तुमच्या छताकडे लक्ष ठेवा. ओल वाढली तर त्यांचं वॉटरप्रूफिंग गेलंय. हे गोडीगुलाबीने, सोसायटीला सांगून करा.

वाफेसाठी एक्झॉस्ट आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर आत हवाच येत नाही आणि पंखा नुसता गरगरतो. पंख्याला लागूनच खिडकी असेल तर ती मात्र बंद ठेवा, कारण पंखा तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि वाफ आहे तिथेच राहते. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमटच, म्हणून शेवटी आंघोळ करणाऱ्याने टाइल्स आणि फरशीवर वायपर मारायचा, हा आमच्या घरचा नियम. ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालणंही बंद केलं.

बुरशी कोरडी घासू नका, ती हवेत उडते. मास्क आणि हातमोजे घालून आधी ओली करा. टाइल्सवर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा. ब्लीच कधीही टॉयलेटच्या अ‍ॅसिडबरोबर वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. दमेकऱ्यांच्या घरात तर हे कायम लक्षात ठेवा. कडांच्या फटीत भरलेलं सिलिकॉन काळं पडलं असेल तर घासत बसू नका, कटरने काढून नवीन भरा. पुट्टीत शिरलेली बुरशी पुसून जात नाही, तिथे प्लास्टरपर्यंत खरवडावंच लागतं.

आणि लगेच रंग देऊ नका. आमचा कोपरा सुकायला दोन महिने लागले. तेवढे दिवस भिंत उघडीच ठेवली, दर रविवारी फॉइल लावून बघितली. रंग डिसेंबरात दिला.