प्रोजेक्टरवर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि रंग भडक दिसतात, सेटिंग कसं करायचं?

पट्ट्या राहू द्या. त्या घालवायच्या नादात आमच्याकडे जे झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबांच्या पंच्याहत्तरीला हॉल घेतला, प्रोजेक्टर भाड्यानं आणला. माझ्या लग्नाची १९९६ ची व्हीएचएस कॅसेट मी मुद्दाम डिजिटल करून घेतली होती, कारण आई आता नाही आणि चालती-बोलती आई फक्त त्या कॅसेटमध्येच आहे. शूटिंग ४:३ चं, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, पडदा १६:९ चा, जास्त रुंद, पट्ट्या येणारच, मी तसंच लावलं होतं. मी जेवणाच्या पानांचं बघायला गेले तेवढ्यात दादानं रिमोटवरचं आस्पेक्टचं, म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं, बटण दाबून 'फुल' केलं, का तर म्हणे पडदा रिकामा दिसतो. असं ताणलं की माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. आमची आई काडीसारखी, हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. मामी मागून म्हणाली, "वन्सं एवढ्या अंगानं कधी होत्या गं?" मी रिमोटपर्यंत पोचेस्तोवर पाठवणी होऊन गेली होती.

वर चित्राचा मोड डायनॅमिक. त्यात उजेड जास्त मिळावा म्हणून हिरवा रंग पुढे येतो, चेहरे आजारी दिसतात, आईचं अंजिरी नारायणपेठ मातकट दिसत होतं. तुमचे रंग भडक आहेत म्हणजे बहुतेक हेच असणार. मोड सिनेमा करा, कलर टेम्परेचर (पांढरा रंग किती पिवळट की निळसर ते) ६५०० केल्विनच्या आसपास ठेवा. मग ब्राइटनेस एवढाच कमी करा की केस काळे दिसतील पण त्यातल्या बटा वेगळ्या कळतील, आणि कॉन्ट्रास्ट वाढवत न्या, पांढऱ्या शर्टाच्या चुण्या गायब झाल्या की एक घर मागे या. पडद्याजवळची ट्यूब बंद करा, प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, उजेड न पडलेला पडदा म्हणजेच काळं.

चित्र लहान-मोठं करायचं तर प्रोजेक्टर पुढे-मागे सरकवा नाहीतर लेन्सची झूमची रिंग फिरवा. कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायचं सेटिंग, अगदी शेवटी, त्यात पिक्सेल वाया जातात, त्यापेक्षा प्रोजेक्टर सरळ समोर ठेवा.

दादा अजून म्हणतो कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामीच्या आलं, माझ्या आलं, आणि बाबा त्या दिवशी पडद्याकडे बघायचे थांबले होते ते मी पाहिलंय. वर म्हणतो, भाडं पूर्ण पडद्याचं दिलंय, हे काय कारण झालं?

हां, दिवसा दिवे चालू ठेवून मॅच बघणार असाल तर डायनॅमिकच ठेवा, तिथे उजेडच लागतो. आणि पट्ट्या चारही बाजूंनी असतील तर प्रकरण वेगळं, लॅपटॉपचं रिझोल्यूशन नाहीतर झूम तपासा. पण जुनं शूटिंग असेल तर आस्पेक्ट 'नॉर्मल' किंवा ४:३ ठेवा, आणि रिमोट स्वतःच्या हातात ठेवा.